व्हॅम्प-३ काढून घेतलं तरी ग्लुट४ पटलावर पोचतंच, असं का?

ठाण्याच्या एका एमएस्सीच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत तिचा प्रोजेक्ट चालू आहे. ३टी३-एल१ या उंदराच्या पेशींपासून तिने चरबीपेशी तयार केल्या आणि शॉर्ट हेअरपिन आरएनए (ठरावीक जीनचं काम दाबणारा आरएनएचा तुकडा) वापरून त्यांतलं व्हॅम्प-३ हे प्रोटीन कमी केलं. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन किती आहे ते पट्टीवरून दाखवणारी चाचणी) पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली. तरी इन्शुलिन दिल्यावर पेशी ग्लुकोज पूर्वीइतकंच घेतायत, म्हणजे ग्लुकोज आत नेणारं ग्लुट४ हे प्रोटीन पेशीच्या पटलावर पोचतंच आहे. गाईड म्हणाले, परत कर. तिला विचारायचं आहे ते असं: प्रयोग फसला का? पुस्तकात स्नेअर (दोन पटलं एकमेकांत मिसळवणारी प्रोटीन्स, व्हॅम्प-३ त्यांतलंच एक) म्हणजे कुलूप-किल्ली असं दिलंय, मग किल्ली काढून घेतल्यावर दार उघडलं कसं? आणि रॅब, स्नेअर, मंक१८ या प्रोटीन्समध्ये व्हेसिकलने (पेशीत माल वाहणाऱ्या पटलाच्या छोट्या पिशवीने) कुठे जाऊन मिसळायचं हे ठरवतं तरी कोण?

प्रयोग फसलेला नाही. तुम्हाला जे दिसलं ते आधीही दिसलेलं आहे. व्हॅम्प-३ चा जीनच नसलेले उंदीर २००१ मध्ये तपासले गेले होते, आणि त्यांच्या चरबीपेशी इन्शुलिनला नेहमीसारखाच प्रतिसाद देत होत्या. पुढे कल्चरमधल्या चरबीपेशींत व्हॅम्प-२, ३ आणि ८ ही तिन्ही एकदम बाद केली तेव्हा कुठे ग्लुट४ ची पटलात मिसळण्याची क्रिया कोलमडली. त्या तिघांपैकी कुठलंही एक परत दिलं की काम पुन्हा सुरू. व्हॅम्प-७ देऊन मात्र उपयोग झाला नाही. म्हणजे कोणीही चालतं असं नाही, पण एकच चालतं असंही नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. कुलूप-किल्लीचं चित्र परीक्षेपुरतं ठीक, प्रयोगाच्या टेबलावर ते फार पुढे नेत नाही.

आधी स्नेअर नीट जवळून बघू, कारण सगळा घोळ त्यांना गरजेपेक्षा जास्त श्रेय देण्यातून होतो. चरबीपेशीत ग्लुट४ घेऊन येणाऱ्या व्हेसिकलवर व्हॅम्प असतं. समोर पेशीपटलावर सिन्टॅक्सिन-४ आणि स्नॅप-२३ ही स्नेअर असतात. व्हॅम्पचा एक पट्टा, सिन्टॅक्सिनचा एक आणि स्नॅप-२३ चे दोन, असे चार पट्टे एकमेकांभोवती वळून घट्ट जुडी होते. मेंदूतल्या अशाच जुडीची स्फटिकरचना १९९८ मध्ये मिळाली. लांबी साधारण १२ नॅनोमीटर, आत पाण्याला नको असलेल्या अमिनो आम्लांचे एकावर एक थर, आणि बरोबर मध्यावर एकच वेगळा थर, ज्यात ३ ग्लुटामिन आणि १ आर्जिनिन समोरासमोर येतात. व्हॅम्पकडून आर्जिनिन येतं, बाकी तिघांकडून ग्लुटामिन. म्हणून हल्ली स्नेअरचं वर्गीकरण 'आर' आणि 'क्यू' (आर्जिनिन आणि ग्लुटामिनची एकाक्षरी चिन्हं) असं करतात.

जुडी वळायला सुरुवात होते ती पटलापासून लांबच्या टोकाकडून, आणि वळत वळत ती पटलाकडे सरकते. व्हॅम्पचं बूड व्हेसिकलच्या पटलात रुतलेलं, सिन्टॅक्सिनचं पेशीपटलात. त्यामुळे शेवटचे थर जुळतात तसतशी दोन पटलं ओढली जातात, मधलं पाणी बाजूला होतं आणि लिपिडचे थर एकमेकांत मिसळतात. ऊर्जा इथूनच येते. स्नेअर हे इंजिन आहे, याबद्दल आज कोणाचं दुमत नाही. अशा किती जुड्या लागतात? नळीत तयार केलेल्या लिपोसोमवर (लिपिडच्या कृत्रिम पिशव्यांवर) एकीनेही भागतं असं २०१० मध्ये दाखवलं गेलं. जिवंत पेशींतले अंदाज २-३ च्या आसपास येतात. चेताकोशातल्या एका सिनॅप्टिक व्हेसिकलवर व्हॅम्प-२ च्या सुमारे ७० प्रती असतात, हे लक्षात घ्या. तुमच्या ब्लॉटवर १० टक्के पट्टी उरली असेल तर ती 'नगण्य' म्हणून सोडू नका. ग्लुट४ च्या व्हेसिकलला तेवढंही पुरून उरत असेल.

पत्ताही स्नेअरच ठरवतात, ही कल्पना आली १९९३ मध्ये. जेम्स रॉथमन यांच्या गटाने गाईगुरांच्या मेंदूतून ही प्रोटीन्स वेगळी केली आणि मांडलं की प्रत्येक व्हेसिकलवरच्या स्नेअरचा ठरलेला जोडीदार समोरच्या पटलावर असतो. रँडी शेकमन यांनी त्याआधीच यीस्टमध्ये स्राव अडलेले म्युटंट शोधून २३ जीनची यादी केली होती, आणि थॉमस सुडॉफ यांनी चेताकोशात कॅल्शियमचा धागा लावून दाखवला. २०१३ चं नोबेल या तिघांना मिळालं. २००० साली रॉथमन यांच्याच गटाने यीस्टची स्नेअर लिपोसोमवर बसवून जोड्या तपासल्या. मिसळल्या त्या बहुतेक पेशीत खरोखर एकत्र काम करणाऱ्याच होत्या. पण १९९९ मध्येच इतरांनी दाखवलं होतं की पटल बाजूला ठेवून नुसते पट्टे पाण्यात एकत्र केले तर भलभलत्या जोड्याही तितक्याच घट्ट जुळतात. माझं मत विचाराल तर दोन्ही निकाल खरे आहेत. स्नेअर पर्याय कमी करतात. शेवटचा निर्णय त्यांच्या एकट्याच्या हातात नसतो.

तो नसतो याचा सर्वांत बोलका पुरावा मंक१८ कडून मिळतो. २००० साली मंक१८-१ (चेताकोशातलं मंक१८) नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांच्या मेंदूची जडणघडण जवळजवळ नेहमीसारखी झाली, सिनॅप्सही तयार झाले, आणि तरी तिथून एकही संदेश सुटत नव्हता, कॅल्शियम वाढवूनही नाही. पुढे त्या चेतापेशी मरत गेल्या. आता दुसऱ्या बाजूचा प्रयोग ठेवा: १९९८ मध्ये नुसती स्नेअर लिपोसोमवर बसवली तर ते एकमेकांत मिसळले, बाकी कोणाचीही मदत न घेता. पण वेग बघा. लिपोसोमला मिनिटांवर मिनिटं लागली आणि चेताकोश हेच काम कॅल्शियम आत येताच एका मिलिसेकंदाच्या आत उरकतो. मंक१८ सिन्टॅक्सिनला आधी बंद अवस्थेत धरून ठेवतं, मग जुडीची पहिली वळणं सरळ पडावीत म्हणून आधार देतं. मंक१३ सिन्टॅक्सिन उघडायला मदत करतं. सिनॅप्टोटॅग्मिन कॅल्शियमची वाट बघत बसतं. कॉम्प्लेक्सिन अर्धी वळलेली जुडी थोपवून धरतं. मिलिसेकंदाची घाई असल्याने हा एवढा लवाजमा लागतो. तुमच्या चरबीपेशीत कॅल्शियमचा तो चाप नाही, घाईही नाही. ग्लुट४ पटलावर यायला काही मिनिटं घेतं. मंक१८सी हा मंक१८ चा दुसरा प्रकार मात्र तिथला खरा भागीदार आहे आणि सिन्टॅक्सिन-४ शी त्याचं नातं अजून पूर्ण उलगडलेलं नाही. पीएचडीचा विचार असेल तर तिथे जागा आहे.

आता रॅब. माणसात ही साठच्या वर आहेत आणि प्रत्येकाचा मुक्काम ठरलेला: रॅब५ सुरुवातीच्या एन्डोसोमवर (पेशीने आत घेतलेला माल वर्ग करणाऱ्या कप्प्यावर), रॅब७ पुढच्या टप्प्यावर, रॅब११ परत फिरणाऱ्या एन्डोसोमवर, रॅब१ ईआर आणि गॉल्जी या कप्प्यांच्या मधे. जीटीपी हा छोटा रेणू बांधलेला असेल तर रॅब चालू, जीडीपी (त्याचंच एक फॉस्फेट कमी असलेलं रूप) असेल तर बंद. चालू असताना ते पटलावर बसतं आणि आपल्या कामाची माणसं बोलावून घेतं. तुमच्या पेशीत इन्शुलिनचा हुकूम नेमका इथेच पोचतो. इन्शुलिनमुळे एकेटी हे कायनेज जागं होतं आणि एएस१६० या प्रोटीनला फॉस्फेट लावतं. एएस१६० चं नेहमीचं काम म्हणजे रॅब१० ला जीडीपीवर ठेवून बंद पाडणं. फॉस्फेट लागलं की त्याचा हा दाब सुटतो, रॅब१० जीटीपीवर जातं आणि ग्लुट४ ची व्हेसिकल्स पटलाकडे निघतात. इन्शुलिन स्नेअरना हात लावण्याआधी गाडी इथेच सोडतं.

या एएस१६० चं जीनमधलं नाव टीबीसी१डी४. ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांत या जीनचा एक तुटका प्रकार बराच पसरलेला आहे, हे २०१४ मध्ये कळलं. तिथल्या अभ्यासात त्याचं प्रमाण सुमारे १७ टक्के निघालं. ज्यांना तो आई-वडील दोघांकडून मिळालाय त्यांच्यात टाईप २ मधुमेहाची शक्यता साधारण १० पट. त्यांच्या स्नायूत ग्लुकोज आत न्यायची व्यवस्थाच कमजोर पडते. व्हेसिकलच्या वाहतुकीतला एवढा सरळ दोष आणि एवढा सरळ आजार अशी जोडी फार थोड्या ठिकाणी सापडते.

रॅब चालू झालं म्हणजे पत्ता ठरला का? नाही. ठाणे स्टेशनला ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर उभं राहिलात तर तुम्ही फलाट बघता, इंडिकेटर बघता, आणि तरी डब्यात चढताना कोणाला तरी विचारता, वाशी का पनवेल? तुर्भ्यापर्यंत दोन्ही एकाच रुळावरून जातात, फाटा पुढे फुटतो. फक्त फलाट बघून चढणारा सानपाड्याऐवजी जुईनगरला उतरतो. पेशीही एका खुणेवर भरवसा ठेवत नाही. ईईए१ हे लांबलचक प्रोटीन घ्या. एन्डोसोमच्या पटलावर ते पक्कं बसण्यासाठी दोन गोष्टी एकाच जागी लागतात, चालू रॅब५ आणि पीआय३पी नावाचं लिपिड. पीआय३पी एकटं असेल तर पकड ढिली, रॅब५ एकटं असेल तरी तेच. दुसऱ्या टोकाने ते रॅब५ असलेलं व्हेसिकल पकडतं. आणि २०१६ मध्ये दिसलं ते आणखी गमतीचं: रॅब५ लागताच एरवी ताठ असलेलं ईईए१ लवचीक होतं, आखडतं आणि पकडलेलं व्हेसिकल जवळ ओढतं. स्नेअर एकमेकांना शिवण्याच्या कितीतरी आधीची ही पायरी. ग्लुट४ च्या बाबतीत हे धरून ठेवण्याचं काम ८ घटकांचा एक्झोसिस्ट नावाचा प्रोटीनसंच करतो.

तर पत्ता कोण ठरवतं याचं माझं उत्तर असं: रॅब, पटलावरचं लिपिड आणि धरून ठेवणारी प्रोटीन्स मिळून व्हेसिकलला योग्य पटलासमोर आणतात. मंक१८ तिथे योग्य सिन्टॅक्सिन तयार ठेवतं. समोर आलेल्या जोडीत स्नेअर चालण्यासारखं असेल तर मिसळण होते. व्हॅम्प-३ नसेल पण बाकीचं सगळं जागेवर असेल, तर समोर उभं असलेलं व्हॅम्प-२ किंवा ८ ते काम करून टाकतं. म्हणूनच तुमचा आकडा हलला नाही.

एका गोष्टीकडे विद्यार्थी हमखास दुर्लक्ष करतात, ती म्हणजे जुडी सोडवणं. मिसळण झाल्यावर चारही पट्टे एकाच पटलात घट्ट अडकून पडतात. ते सोडवले नाहीत तर पुढच्या फेरीला मोकळं स्नेअरच उरणार नाही. हे काम एनएसएफ एटीपी खर्चून करतं आणि त्याला जुडीवर बसवतं अल्फा-स्नॅप. या अल्फा-स्नॅपचा स्नॅप-२३ किंवा स्नॅप-२५ शी काही संबंध नाही. नावं एकसारखी आणि प्रोटीन्स वेगळी, त्यामुळे अँटिबॉडी मागवताना कॅटलॉग दोनदा वाचा. मुंबईकरांसाठी सांगण्यासारखं: कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे ओबेद सिद्दीकी आणि अमेरिकेतल्या कॅलटेकचे सीमोर बेंझर यांनी १९७६ मध्ये फळमाशीचे असे म्युटंट नोंदवले जे तापमान वाढवलं की निपचित पडत. त्यातल्या 'कोमॅटोज' नावाच्या म्युटंटमध्ये बिघडलेला जीन एनएसएफचाच आहे, हे १९९० च्या दशकात कळलं. तापलेल्या माशीत न सुटलेल्या स्नेअरच्या जुड्या साठत जातात.

ही जुडी किती चिवट असते ते तुम्ही स्वतःच्या जेलवर बघू शकता. मेंदूचा थोडा लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्राव) घ्या, दोन भाग करा, दोन्हीत एसडीएस असलेला सॅम्पल बफर घाला. एक भाग ९५ अंशांवर ५ मिनिटं उकळा, दुसरा तसाच ठेवा. स्नॅप-२५ ची अँटिबॉडी लावा. उकळलेल्या भागात २५ किलोडाल्टनला एकच नीटस पट्टी येईल. न उकळलेल्यात तिच्यावर, बऱ्याच वरच्या वजनांना, आणखी पट्ट्या दिसतील. एसडीएससारखा डिटर्जंटही साध्या तापमानाला ही जुडी तोडू शकत नाही. वेस्टर्नला सॅम्पल नीट न उकळण्याची सवय असेल तर नॉकडाऊनचं (प्रोटीन किती कमी झालं त्याचं) मोजमाप चुकतं, कारण काही व्हॅम्प वर जुडीत अडकून राहतं आणि खालची पट्टी उगाच फिकट दिसते. तुमचा ब्लॉट या नजरेने एकदा परत बघा.

आता पुढे काय करायचं ते. गाईडच्या 'परत कर' ला हरकत नाही, पण तेच तसंच परत करू नका.

पहिलं म्हणजे ग्लुकोज आत जाण्याचं मोजमाप हे फार लांबचं टोक आहे. व्हेसिकल पटलापाशी आलं, चिकटलं की खरंच मिसळलं, हे त्यातून कळत नाही. ग्लुट४ च्या पटलाबाहेर येणाऱ्या पहिल्या वळणात एचए टॅग (अँटिबॉडीला ओळखता येणारी खूण) घातलेला क्लोन वापरा. पेशींना भोकं न पाडता अँटिबॉडी लावली की ती बाहेर उघड्या पडलेल्या, म्हणजे मिसळून गेलेल्याच ग्लुट४ ला पकडते. पटलाला टेकून थांबलेल्या व्हेसिकलमधला टॅग अजून आतच असतो, तो दिसत नाही. मग त्याच प्लेटच्या दुसऱ्या विहिरीत (खळग्यात) पेशींना भोकं पाडून एकूण ग्लुट४ मोजा आणि गुणोत्तर काढा. हे गुणोत्तर नसेल तर नॉकडाऊनमुळे ग्लुट४ च कमी-जास्त झालंय का, हे सांगता येत नाही.

दुसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: तुम्ही इन्शुलिननंतर बहुधा २०-३० मिनिटांनी एकच वाचन घेतलंय. त्या वेळेपर्यंत पेशी स्थिर पातळीला पोचलेली असते. पटलावर किती ग्लुट४ दिसतं ते बाहेर येण्याच्या आणि आत ओढलं जाण्याच्या वेगांवर अवलंबून असतं. दोन्ही वेग एकाच प्रमाणात मंदावले तर शेवटचा आकडा तोच येतो आणि बिघाड लपून राहतो. म्हणून २, ५, १० आणि २० मिनिटांना वाचन घ्या. व्हॅम्प-३ नसल्यामुळे काही फरक पडत असेल तर तो चढणीच्या सुरुवातीला दिसेल, सपाटीवर नाही.

तिसरं, व्हॅम्प-२ आणि ३ एकदम बाद करायचा जुना हमखास उपाय म्हणजे धनुर्वाताच्या विषाची हलकी साखळी. पूर्ण विष नव्हे, फक्त कापणारा तुकडा, प्लाझमिडमधून. तो या दोघांनाही एकाच जागी कापतो, पण व्हॅम्प-७ आणि ८ ला हात लावत नाही. धनुर्वातात स्नायू आखडतात ते याच कापणीमुळे. मज्जारज्जूतले आवर घालणारे चेताकोश संदेश सोडू शकत नाहीत आणि स्नायूंवरचा लगाम सुटतो. बोटॉक्सचं काम उलट टोकाला, चेता आणि स्नायूच्या जोडावर: त्याचा 'ए' प्रकार स्नॅप-२५ च्या शेपटीची फक्त ९ अमिनो आम्लं छाटतो आणि स्नायू ढिला पडतो. हलकी साखळी आणि व्हॅम्प-८ चा नॉकडाऊन एकत्र केलात तर तिघांचाही बंदोबस्त होईल. मग शॉर्ट हेअरपिनला न सापडणारं, विषाला न कापता येणारं व्हॅम्प-२ परत द्या. हा रेस्क्यू नसेल तर परीक्षक तुम्हाला सोडणार नाहीत, आणि सोडूही नये.

साध्या गोष्टीही सांगतो, कारण बहुतेक वेळा घोडं तिथेच अडतं. नॉकडाऊनच्या आणि कंट्रोलच्या पेशी सारख्याच चरबीपेशी झाल्यात का, ते बघा. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडे तेलाचे थेंब सारखेच भरले पाहिजेत, नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर न जाता ऑइल रेड ओ लावा. लेंटिव्हायरसने हेअरपिन द्यायचं असेल तर पेशी फुगायच्या आधी द्या. भरलेल्या चरबीपेशींत काहीही आत घालणं जिकिरीचं. इन्शुलिनच्या आधी २-३ तास सीरम काढून टाका, नाहीतर इन्शुलिनविनाही आकडा चढलेला येतो. सायटोकॅलॅसिन बी ची एक विहीर ठेवा, म्हणजे ट्रान्सपोर्टरशिवाय आत झिरपलेलं ग्लुकोज वजा करता येईल. एका विहिरीत वॉर्टमॅनिन, म्हणजे इन्शुलिनचा संदेश अडला की प्रतिसाद पडतो हे दिसेल. एकेटीवर फॉस्फेट लागलं का ते त्याच सॅम्पलमध्ये तपासा. आणि पावसाळा चालू आहे म्हणून: खाडीच्या काठच्या हवेत जून ते सप्टेंबर इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बुरशी धरायला वेळ लागत नाही. ट्रे निर्जंतुक पाण्याने वरचेवर बदला आणि मायकोप्लाझ्माची तपासणी लांबणीवर टाकू नका. मायकोप्लाझ्मा लागलेल्या पेशी मरत नाहीत, त्यामुळे लक्षात येत नाही, पण इन्शुलिनला देणारा प्रतिसाद त्यांचा भरवशाचा राहत नाही.

रिपोर्टमध्ये 'व्हॅम्प-३ ची ग्लुट४ च्या वाहतुकीत भूमिका नाही' असं लिहू नका. तुमच्या आकड्यांतून तेवढं निघत नाही. 'व्हॅम्प-३ कमी केल्यावर इन्शुलिननंतरच्या स्थिर पातळीवर मोजता येण्याइतका फरक दिसला नाही' एवढंच निघतं, आणि ते लिहिताना ब्लॉटवर किती टक्के प्रोटीन उरलं होतं तो आकडा त्याच वाक्यात द्या. व्हायव्हात पुढचा प्रश्न 'मग व्हॅम्प-२ वाढलं का?' हा येणारच. त्याच लायसेटवर व्हॅम्प-२ आणि ८ चा ब्लॉट आजच चालवायला घ्या, सॅम्पल फ्रीजरमध्ये असतीलच.